लेन्समध्ये बॅटरी मारून बघ

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. मुक्ता हीस,


काल रात्री दादाचा फोन आला. कॅमेरा आणि मिक्सिंगचा कॉम्प्युटर मिळून तू तीन लाखांचं कर्ज काढायला निघालीस, अर्ज भरून झालाय, जामीनदाराची सही तेवढी राहिलीय, असं म्हणाला. 'तुझं ती ऐकते, तूच समजाव' असंही म्हणाला. पण मी तुला अडवायला लिहीत नाही. तालमीवर फिल्म करायची तुझी कल्पना मला मनापासून आवडली आहे आणि ती फिल्म व्हावी म्हणूनच हे पत्र. अर्ज आठ दिवस बाजूला ठेव, एवढंच मागते. फोनवर इतकं बोलणं झालं नसतं, आणि कागदावर असलं की वस्तू बघायला जाताना तुला सोबत नेता येईल.

तुला तुझ्या आजोबांची, आप्पांची लेथ आठवत नसणार. उद्यमनगरातली शेड विकली तेव्हा तू पाळण्यात होतीस. आप्पांनी आयुष्यात एकही कोरं मशीन घेतलं नाही. कुणाची जुनी लेथ निघाली की बघायला जायचे आणि सुट्टी असली तर मलाही न्यायचे. विकणारा रंग दाखवायचा, मोटर चालू करून आवाज ऐकवायचा. आप्पा काही न बोलता चकजवळ बेडवर तळहात ठेवायचे आणि हळूहळू टेलस्टॉककडं सरकवत न्यायचे. सगळं काम चकजवळ होतं, म्हणून बेड तिथंच झिजतो. दुसऱ्या टोकाचा भाग वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. दोन्हीकडचा फरक हाताला किती लागतो, त्यावर त्यांचा भाव ठरायचा. रंग नुकताच मारलेला दिसला तर मात्र दोनदा हात फिरवायचे.

पुढं मी फोटोचा स्टुडिओ चालवला, कॅमेऱ्याच्या बॉडी घेतल्या, लेन्स घेतल्या, विकल्या, तेव्हा हेच उपयोगी पडलं. वस्तू कुठं झिजते ते आधी माहीत पाहिजे. मग हात आपोआप तिथं जातो.

आणि जुनं घेणं म्हणजे कमीपणा, हे तुझ्या मनात कुणी भरवलं असेल तर खरी कॉर्नरला जाऊन कॅमेऱ्याच्या त्या स्तंभासमोर जरा उभी राहा. आपल्या गावात सिनेमा आला तोच जुन्या मशीनच्या पाठीवरून. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. फाळके लंडनला जाऊन नवा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले होते, त्यासाठी स्वतःची विमा पॉलिसी गहाण टाकून. कोल्हापूरच्या या दोन पेंटरांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला. त्यावर लोकांना सिनेमे दाखवायचे, चार पैसे मिळवायचे, आणि दाखवता दाखवता फिल्म आत कशी सरकते, कुठं थांबते, झडप कधी उघडते ते बघत राहायचं. दाखवायच्या यंत्रात जे घडतं तेच उलट्या दिशेनं घेणाऱ्या यंत्रात घडतं, हे त्यांनी हातानं ओळखलं. कॅमेरा जुळवायचं काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला. १९२० चा 'सैरंध्री' त्यातूनच उभा राहिला. मशीनच्या पोटात शिरून शिकलेले हे दामले पुढं 'प्रभात'मध्ये आवाजाचं खातं सांभाळत होते आणि १९३६ मध्ये फत्तेलालांच्या जोडीनं त्यांनी 'संत तुकाराम' केला, जो व्हेनिसला नावाजला गेला.

बाबूरावांनाही पैसे उसने घ्यावे लागले, हे तू म्हणशीलच. लागले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला. पण तो देणाऱ्या बाईचा त्या माणसाच्या कामावर जीव होता. महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता कापून घेणारं कर्ज वेगळं असतं. बाबूरावांचा 'सावकारी पाश' हा सिनेमाही १९२५ साली याच गावात तयार झाला, ही गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते.

आता माझं सांगते, कारण मी हे अंगावर काढलंय. तुझे काका असताना आम्ही एक जुना निकॉन एफएम२ घेतला होता, दोन लग्नांच्या ऑर्डरचे पैसे घालून. त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं. बॅटरी फक्त आतल्या मीटरला लागते. तो घेऊन मी चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गेले की थेट सासनकाठ्यांच्या खाली घुसायची. गुलाल इतका की श्वास घ्यायला रुमाल लावावा लागे. घरी येऊन ब्रशनं कॅमेरा झाडायचा, पुसायचा, झालं. मग डिजिटल आलं आणि मी हप्त्यांवर कोरा कॅमेरा घेतला. त्या वर्षी जोतिबाला मी दगडी कमानीच्या आडोशाला उभी राहून सगळे फोटो काढले. गुलालाची पहिली मूठ उधळली की माझा हात आधी कॅमेरा झाकायला जायचा. चोवीस हप्ते फिटेपर्यंत असंच चाललं. ते फोटो अजून माझ्याकडं आहेत. तांत्रिकदृष्ट्या चांगले आहेत, पण सगळे लांबून काढलेले आहेत.

तुला तालमीत जायचंय. हौद्यातली तांबडी माती बघितलीस ना? तेल, ताक, हळद घालून मळलेली, आणि कुस्ती सुरू झाली की गुडघाभर उंचीपर्यंत तिची धूळ. गंगावेशीसारख्या जुन्या तालमीत उजेड तो काय, झरोक्यातून येईल तेवढा. तिथं तुला पैलवानाच्या पायाशी, मातीत कोपर टेकून बसायचंय. ज्या कॅमेऱ्याची तुला धास्ती वाटेल तो कॅमेरा तिथं नेऊ नकोस, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं पत्र म्हणजे हात कुठं फिरवायचा त्याची माहिती.

बॉडीपासून सांगते, कारण सगळे तिथंच भुलतात. विकणारा पहिल्यांदा शटर काउंट सांगेल, म्हणजे शटर किती वेळा पडलं तो आकडा. निकॉनच्या बॉडी तो आकडा बहुतेक फोटोतच लिहून ठेवतात. कॅननच्या बऱ्याच बॉडींचा आकडा कॅमेरा लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरनं वाचावा लागतो. कॅनन ८०डीचं, म्हणजे मी तुझ्यासाठी बघून ठेवलेल्या कॅमेऱ्याचं, शटर कंपनीनं एक लाखाला तपासलेलं आहे, निकॉन डी७५०चं दीड लाखाला. एका लग्नात अडीच हजार क्लिक धरले तर एक लाख म्हणजे चाळीस लग्नं. आकडा पार केला म्हणजे शटर दुसऱ्या दिवशी मोडतं असं नाही, पण भाव पाडायला तो धरायचाच. तुझ्या कामाला यात एक गोम आहे. व्हिडिओ घेताना आरसा वर राहतो आणि प्रत्येक फ्रेमला ते यांत्रिक शटर पडत नाही. तीन वर्षं फक्त व्हिडिओला राबलेल्या बॉडीचा काउंट पाच हजारही दिसेल. तेव्हा काउंट कमी दिसला की एचडीएमआयचं आणि माइकचं भोक बघ. केबल घालून हलव. ढिलं लागलं, चित्र किंवा आवाज तुटला, तर बॉडी व्हिडिओलाच राबलीय. फ्लॅश लावायच्या पट्टीचा काळा रंग घासून धातू चमकत असेल तर ती लग्नात फिरलीय. दोन्हीत वाईट काही नाही, पण 'घरगुती वापर' म्हणून भाव सांगत असेल तर मान डोलावू नकोस.

लेन्स लावून एफ १६ वर आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ आणि मोठा करून बघ. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. मग झाकण लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर घे. रंगीत टिंबं चमकली तर ते पिक्सेल गेलेले आहेत. त्यानंतर स्वतःचं कार्ड घालून रेकॉर्डिंग सुरू कर आणि चहा माग. ८०डी २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो. तेवढा वेळ तो नीट चालतो का बघ आणि मगच पैशाचं बोल. विकणाऱ्याला घाई असेल तर तीही त्या वेळात कळते.

आता लेन्स. पैसे जिथं घालायचे ती जागा हीच. बॉडी चार वर्षांत जुनी होते, भिंग होत नाही. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा आहे. २०१८ मध्ये कंपनी नव्या आरएफ माउंटच्या मिररलेसकडं वळली, लग्नवाले सगळे तिकडं पळाले, आणि जुन्या माउंटच्या उत्तम लेन्स कपाटांतून बाहेर आल्या. उद्या तू मिररलेस घेतलास तरी ॲडॅप्टर लावून त्या चालतील. किटच्या लेन्सवर एफ ५.६ मिळतो तिथं ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. अंधाऱ्या तालमीत या दहापटीचं मोल नव्या बॉडीपेक्षा जास्त आहे. मात्र ८०डीच्या छोट्या सेन्सरवर ५०ची लेन्स ८०सारखी वागते. हौद्याच्या काठावरून तुला पैलवानाचं तोंड मिळेल, दोघांची पकड मिळणार नाही. म्हणून सोबत २४ची एफ २.८, ती चपटी, भाकरीसारखी दिसणारी. या दोन पुरेत.

लेन्स बघताना ती बॉडीवरून काढ, दोन्ही झाकणं काढ आणि मागच्या बाजूनं बॅटरी मारून पुढून तिरकस बघ. कॅननच्या लेन्सचा पडदा बॉडीवरून काढल्यावर पूर्ण उघडा राहतो, त्यामुळं शेवटच्या भिंगापर्यंत दिसतं. धुळीचे कण दिसणारच, त्यांना भिऊ नकोस. कडेपासून आत सरकलेले बारीक तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळ्यांसारखे दिसले, तर ती बुरशी. आपल्याकडं चार महिने भिंती ओल्या असतात, तेव्हा हे सगळ्यात जास्त इथंच बघायला मिळतं. मी एकदा मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ७०-२०० घेतली. दुकानात ट्यूबलाइटच्या उजेडात भिंग आरशासारखं. रात्री घरी येऊन लाइट गेल्यावर सहज बॅटरी मारली तर आत पांढरी वेल पसरलेली. साफ करून आणली, पण बुरशीनं कोटिंग खाल्लं होतं. त्यानंतर वरातीच्या प्रत्येक फोटोत दिव्याभोवती धुरकट वलय. म्हणून दुकानात अंधार मागायला लाजू नकोस. टेबलाखाली वाकून बघ.

घेतलेली लेन्स कापडाच्या पिशवीत ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा साठच्या खाली राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदल. तांदळात ठेवू नकोस, त्याचं पीठ फटीत जातं.

पुराचं मुद्दाम वेगळं सांगते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, २०२१च्या जुलैत परत आलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर, सगळीकडचे तळमजले गेले. माझ्या स्टुडिओचे खालचे दोन ड्रॉवर गेले, त्यात काकांच्या निगेटिव्हही होत्या. ते जाऊ दे. पाण्याखाली गेलेल्या पुष्कळ वस्तू वाळवून, पुसून पुन्हा बाजारात आल्या आणि त्यांतल्या काही अजून फिरताहेत. असाच एक कॅमेरा माझ्याकडं आला होता. बाहेरून स्वच्छ, चालू होत होता, फोटोही काढत होता. मी बॅटरीचं दार उघडलं आणि बिजागरीच्या खाचेत नखानं खरवडलं. पिठासारखी मऊ माती नखात आली. नदीचा गाळ तो, आपल्या सगळ्यांच्या घरांतून पाट्या भरभरून काढलेला. त्याचा वास मी ओळखते. समोरच्या माणसानं मान खाली घातली. त्याचं दुकानच गेलं होतं, मला त्याचा राग आला नाही. चहा पाजला आणि कॅमेरा परत दिला. तू मात्र बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पावडर दिसते का, तळाच्या स्क्रूंची डोकी गंजलीत का, झूमची रिंग फिरवताना कचकच लागते का, हे बघितल्याशिवाय घेऊ नकोस. भिजलेली वस्तू सहा महिने चालते आणि नेमकी कुस्तीच्या मैदानात बंद पडते.

कॉम्प्युटरचं थोडक्यात, कारण तो कॅमेऱ्यावर अवलंबून आहे आणि कुणी तुला हे सांगितलं नसणार. तू जो नवा मिररलेस बघितलायस तो १० बिट ४:२:२ चित्र देतो. रंगासाठी ते छान, पण तसली फाइल उलगडायची सोय बहुतेक जुन्या प्रोसेसरांत आणि ग्राफिक्स कार्डांत नसते. टाइमलाइन अडखळते आणि मग कॉम्प्युटरही नवा घ्यावा लागतो. तुझं निम्मं कर्ज इथून आलंय. ८०डीचं साधं फुल एचडी एच.२६४ जुनं मशीनही सहज ओढतं. जड फाइल आलीच तर प्रॉक्सी करून घे, म्हणजे हलक्या प्रतीवर कापाकापी आणि शेवटी मूळ फाइल जोडायची. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही हे जमतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर धरत नाही. त्यामुळं ऑफिसांतून निघालेली सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं स्वस्तात दाखवतील. ती घेऊ नकोस. आठवी किंवा पुढची पिढी, १६ जीबी रॅम, आणि मदरबोर्डावर रॅमची जागा शिल्लक. ग्राफिक्स कार्ड फार स्वस्त असेल तर ते क्रिप्टोची नाणी काढायच्या कामाला रात्रंदिवस जुंपलेलं असू शकतं. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं ते काम थांबलं आणि असली कार्डं ढिगानं बाजारात आली. पंख्याचा आवाज ऐक, अर्धा तास रेंडर लावून तापमान बघ. मॉनिटरवर एकदा पूर्ण काळा आणि एकदा पूर्ण पांढरा पडदा आण, मेलेले ठिपके लगेच दिसतात.

तीन वस्तू जुन्या घ्यायच्या नाहीत: मेमरी कार्ड, बॅटरी, आणि शूटिंग साठवायची हार्ड डिस्क. पैलवान तीच पकड तुझ्यासाठी पुन्हा धरणार नाही. ट्रायपॉड मात्र जुनाच घे, जड, तेलावर फिरणाऱ्या डोक्याचा. आणि वाचलेल्या पैशातला पहिला वाटा माइकला. शड्डू ठोकल्याचा आवाज कॅमेऱ्याच्या आतल्या माइकवर पत्र्याच्या डब्यासारखा येतो.

मूळ बिल माग, बिलावरचा नंबर बॉडीच्या तळाच्या नंबराशी ताडून बघ. बिल नसेल तर साध्या कागदावर लिहून घे: वस्तू, नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत. माल चोरीचा निघाला तर वस्तूही जाते आणि पैसेही. मोबाइलवर 'सैन्यात आहे, बदली झालीय, थोडा ॲडव्हान्स टाका' म्हणणारे भेटतील. न बघितलेल्या वस्तूला एक रुपयाही नाही. आणि कोड स्कॅन केल्यानं पैसे येत नसतात, जातात.

राजारामपुरीत माझ्या ओळखीचा एक मुलगा मिररलेसवर चाललाय. त्याची ८०डी आणि ५०ची लेन्स निघणार आहे. मी बॉडी वरवर बघितली. ग्रिपचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय, ते चिकटवता येतं. बाकी तपासणी मी मुद्दाम केलेली नाही, ती तू कर. त्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. सकाळच्या गाडीनं ये. तुझं कार्ड, लॅपटॉप, यूएसबीची केबल आणि उजेड मारायची एक चांगली बॅटरी आण. आधी त्याच्याकडं जाऊ, आणि सौदा जमला तर तिथूनच गंगावेशीत. चारला पोरं हौद्यात उतरतात.

दादाला सांग, अर्जाचं रविवारनंतर बघू.

तुझी,
आत्या